जुन्या हातमोज्यावरून केलेली मूठ

लाकूड कारखान्यातल्या करवतीने माझ्या नवऱ्याच्या, ऑर्व्हलच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नेली, तेव्हापासून त्याने नेमबाजीच्या क्लबचं तोंड पाहिलं नाही. चांगलं पिस्तूल विकून टाकलं. हात कायम खिशात. दोन वर्षं ते उतरलेलं तोंड बघून मी कावले होते.

ऑक्टोबरात आमच्या क्लबात जुन्या फौजी पिस्तुलांची स्पर्धा असते. मी बंदुकीच्या दुकानात जाऊन खरेदीचा फॉर्म भरला आणि त्यातल्या त्यात स्वस्त, बल्गेरियाहून आलेलं एक पिस्तूल घेतलं. पिवळ्या ग्रीसने नुसतं लडबडलेलं होतं. सगळं सुटं करून ते ग्रीस निघावं म्हणून मी सुपाच्या पातेल्यात उकळत ठेवलं.

"आज सूप कसलं?" ऑर्व्हलने झाकण उचललं.

"बल्गेरियन."

"व्हर्ना, नसती उठाठेव आहे ही. मला ते धरता तरी येणार आहे का?"

"ते मी बघते. या शनिवारी तू क्लबवर जाणार आहेस."

मुठीच्या पट्ट्या प्लास्टिकच्या आणि गुळगुळीत होत्या. मी अक्रोडाच्या लाकडाच्या नव्या करायला घेतल्या. त्याचा कामावरचा चामडी हातमोजा दांडे धरून धरून वाकलेला होता. त्यात प्लास्टर भरून साचा काढला आणि त्या मापाने बोटांच्या खाचा कोरल्या. तेल पाजल्यावर लाकूड काय सुरेख दिसायला लागलं! मीच माझ्यावर खूश.

ऑर्व्हलने आधी मॅगझिन काढून पिस्तूल रिकामं आहे ना ते पाहिलं. ती सवय बोटांबरोबर गेली नव्हती. मग त्याने मूठ धरली.

खालच्या दोन खाचा रिकाम्या राहिल्या.

तो पिस्तूल घेऊन शेडमध्ये गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज ज्या हाताला धरून मी झोपत होते, तो मी मापलाच नव्हता. जुनाच हात मापून बसले होते.

आता तो हे फेकून देणार, असं वाटत असताना कानशीचा आवाज यायला लागला. दार लोटलं, तर पठ्ठ्या त्या दोन खाचा घासून काढत होता. मधल्या बोटाखाली हात टेकायला त्याने लाकडाची ओठासारखी एक पट्टी चिकटवली होती.

"बघत काय बसलीस? काचपेपर दे," तो म्हणाला.

शनिवारी स्पर्धेत एकोणीस जणांत त्याचा अकरावा नंबर आला. त्याचा जुना मित्र ड्यूई ओरडला, "अरे, आठ जणांना तीन बोटांत गुंडाळलंस की!" ऑर्व्हल सगळ्यांत मोठ्याने हसला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

घरी आल्यावर त्याने तो चामडी हातमोजा माझ्या मांडीवर टाकला.

"याची दोन बोटं कापून शिवून टाक. थंडी येतेय. हात खिशात किती दिवस ठेवू?"