व्हर्नाचा निबंध

"निबंध आणलात?" बाईंनी विचारलं, तेव्हा व्हर्ना पिशवीत उगाचच हात घालून चाचपत होती. पिशवीत डबा होता, हातमोजे होते. निबंध नव्हता हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"घरी राहिला," ती म्हणाली.

"मागच्या आठवड्यातही घरीच राहिला होता."

वर्गात कुणी हसलं नाही. कॅनडातल्या थंडर बे गावच्या वाचनालयाच्या तळघरात भरणारा तो प्रौढांचा वर्ग. सगळेच दिवसभर राबून आलेले, सगळ्यांनीच कधी ना कधी असंच काहीतरी सांगितलेलं. प्रिसिलाबाई वयाने व्हर्नाच्या मुलाएवढ्या. वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं.

"बाहेर लोक वर्गातल्या जागेसाठी थांबलेत, व्हर्ना. पुढच्या गुरुवारी निबंध आला नाही, तर मला तुमचं नाव काढावं लागेल. मला ते करायचं नाहीये."

"कळतंय हो बाई."

"अडतंय कुठे? विषय तर सोपा आहे. केलेला एखादा प्रवास."

व्हर्नाने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "मी कुठे गेलेच नाहीये कधी," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. पंधराव्या वर्षी आई अंथरुणाला खिळली आणि व्हर्नाची शाळा सुटली. मग लग्न, मग मुलगा झाला, एरो, मग नवरा दुसरीकडे संसार थाटायला निघून गेला. वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत चादरी धुता धुता अर्धं आयुष्य सरलं. वरच्या मजल्यावर म्हाताऱ्यांना भरवायचं, अंघोळ घालायची, त्यांच्याशी चार शब्द बोलायचे, हे काम तिला हवं होतं. त्यासाठी शाळेचं प्रमाणपत्र लागत होतं. दरवर्षी ती म्हणायची, एरो मोठा होऊ दे, घरातला दंगा कमी होऊ दे, मग बसते अभ्यासाला.

आता एरो दूर अल्बर्टा प्रांतात तेलाच्या कामावर होता, आणि घरात फ्रिजच्या घरघरीखेरीज आवाज नव्हता.

रविवारी सकाळी ती कागद पेन घेऊन बसली. बसल्यावर दिसलं की शेगडीखाली कळकट झालंय. ते घासून काढलं. मग वाटलं, एवढं केलंच आहे तर ओव्हनही होऊन जाऊ दे. मग दारातला बर्फ उपसला, शेजारच्या म्हाताऱ्याच्या दारातलाही उपसला. आत येऊन कॉफी केली. कागदावर 'प्रवास' लिहिलं आणि फोन उचलून बघितला. एरो रविवारी फोन करायचा. आधी दर रविवारी, मग कधीमधी. फोन पालथा ठेवला, सुलटा केला, आवाज वाढवला. कुणाकुणाचे फोटो बघत बसली; कुणाची नातवंडं, कुणाचं जेवण. मान वर केली तर खिडकीबाहेर दिवे लागलेले. कागदावर तो एकच शब्द.

सोमवारी लाँड्रीत चादरीची दोन टोकं धरून घडी घालताना तिने हे बर्नाडेटला सांगितलं. दोघी किती वर्षं अशा समोरासमोर उभ्या राहत आल्या होत्या, दोघींनाही आठवत नव्हतं.

"माझ्याकडे तीन नातवंडं, एक कुत्रा आणि तो आमचा बिनकामाचा जावई," बर्नाडेट म्हणाली. "तू घरात एकटी. तुला गं कोण त्रास देतं?"

"कोणीच नाही."

"मग?"

"तेच तर. कोणीच नाही." व्हर्नाने चादरीची कड नीट जुळवली. "बसले की वाटतं, आत्ता वाजेल. मग काही सुचत नाही."

बर्नाडेटने घडी तिच्या हातात दिली. चेष्टा करायची तिची सवय, पण तिने केली नाही.

"आज पाळी संपली की घरी जाऊ नकोस," ती म्हणाली. "इथेच बस, त्या कपड्यांच्या टेबलापाशी. मला संध्याकाळपर्यंत थांबायचंच आहे. फोन माझ्याकडे दे."

"एरोचा आला तर?"

"सांगेन त्याला, आई अभ्यास करतेय म्हणून. ऐकू दे की त्यालाही एकदा."

फोन देताना व्हर्नाचा हात जरा रेंगाळला. बर्नाडेटने तो तिच्या बोटांतून सोडवूनच घेतला आणि ॲप्रनच्या खिशात टाकला.

ड्रायर घुमत होते. गरम कापडाचा वास पसरला होता. टेबलापाशी बसल्यावर व्हर्नाला आधी पाणी प्यावंसं वाटलं, मग टॉवेलांची चळत नीट लावावीशी वाटली. ती अर्धी उठली.

"बूड खाली," बर्नाडेट पलीकडून म्हणाली, मान वर न करता.

व्हर्ना बसली. कुठे गेलो आपण, ती आठवू लागली. कुठेच नाही. मग तिने लिहिलं, 'मी माझ्या मुलाला बसस्टँडवर सोडायला गेले.' वाक्य मोडकंतोडकं वाटलं. खोडायला पेन टेकवलं, तशी थांबली आणि पुढचं वाक्य लिहिलं. गाडीत त्याची बॅग मागे होती. त्याला भूक लागली होती. परत येताना शेजारची सीट रिकामी होती, आणि तरी गाडीतला हीटर तिने त्याच्या बाजूलाच वळवलेला ठेवला होता. पान संपलं. तिने उलटवलं.

बर्नाडेट समोर येऊन उभी राहिली, तेव्हा ड्रायर बंद झाले होते. तिने फोन पुढे केला. "नाही आला कोणाचा," ती हळूच म्हणाली.

"बरं," व्हर्ना म्हणाली. आणि मग तिच्या ध्यानात आलं की एवढा वेळ तिने त्याची वाट पाहिलीच नव्हती. काम झाल्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण आत कुठेतरी असं टोचलं, जणू तिने एरोला दुसऱ्यांदा बसमध्ये बसवून दिलं होतं.

गुरुवारी प्रिसिलाबाईंनी निबंध तिच्यासमोरच वाचला. चुका लाल पेनाने दाखवल्या, बऱ्याच होत्या. मग त्यांनी पेन बाजूला ठेवलं.

"जाण्याबद्दल दोनच ओळी आहेत. बाकी सगळं परत येतानाचं."

"जाताना तो बोलत होता," व्हर्ना म्हणाली. "रस्ता मला येतानाच दिसला."

बाईंनी कागद तिच्याकडे दिला. थोड्या वेळाने दुसराही दिला, पुढच्या आठवड्याचा अभ्यास. "नाव ठेवतेय मी तुमचं," त्या म्हणाल्या.

रविवारी व्हर्नाने जेवायचं टेबल ओढून खिडकीशी नेलं. तिथे उजेड चांगला पडत होता. जागा अरुंद होती, तिथे एकच खुर्ची मावली. दुसरी उचलून ती तळघराच्या जिन्यापर्यंत गेली, दार उघडून क्षणभर उभी राहिली. मग खुर्ची तशीच परत आणली आणि भिंतीला टेकवून ठेवली. बाहेर शेजारचा म्हातारा आपल्या दारातला बर्फ स्वतःच उपसत होता. ती त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिली, आणि कागद पुढे ओढून लिहायला बसली.