आतून कडी असलेलं कपाट

राफिला आणि क्रिना आमच्याकडे आल्या त्याला आता अकरा वर्षं झाली. फेब्रुवारी होता, अंगणात गुडघाभर बर्फ. बालकल्याण कचेरीच्या मुरेशानबाईंनी दोघींना गाडीतून उतरवलं तेव्हा थोरलीने धाकटीला कडेवर घेतलं होतं. थोरली नऊ वर्षांची, धाकटी चारची, आणि दोघींचं मिळून एकच बोचकं.

मी तेव्हा कचेरीतर्फे परक्यांची मुलं सांभाळायचे. ज्यांच्या घरी दारू आणि मारहाण, ज्यांची आई परदेशी कामाला जाऊन परत आलीच नाही, अशी मुलं. कुणी सहा महिने राहायचं, कुणी पाच वर्षं. आम्हाला स्वतःचं मूल झालं नाही. माझा नवरा तोआदेर लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, घर मोठं आणि रिकामं. आमच्या डोंगरातल्या गावात असं मूल ठेवून घेणं नवीन नव्हतं.

पहिले दोन दिवस या पोरी मला धड दिसल्याच नाहीत. जेवायला यायच्या, मक्याच्या पिठाची मामालिगा आणि दूध पोटात ढकलायच्या आणि नाहीशा व्हायच्या. मी घरभर शोधलं, गोठ्यात पाहिलं. शेवटी मागच्या खोलीतल्या कपाटातून कुजबुज ऐकू आली. ते माझ्या सासूच्या लग्नातलं अक्रोडाचं कपाट, दोन दारांचं, माणूस उभा राहील एवढं. मी हळूच दार उघडलं तर दोघी माझ्या कोटांखाली बसलेल्या, आणि राफिलाच्या मांडीवर एक फाटकी वही.

"काय करताय गं इथे?"

"वाचतोय," राफिला म्हणाली. आणि लगेच हात डोक्यावर घेतले, मी मारणार म्हणून.

मी दार पुन्हा लावलं आणि स्वयंपाकघरात परत आले. मुरेशानबाईंनी नंतर सांगितलं, बाप पिऊन आला की थोरली धाकटीला घेऊन कपाटात शिरायची आणि तो झोपेपर्यंत तिला गोष्टी वाचून दाखवायची. मारही कपाटातच खायची, कारण त्या दाराला कडी होती ती बाहेरून, आतून लावून घेता यायचं नाही.

ती फाटकी वही म्हणजे बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात होती. कोबी, गाजर, भोपळे यांची चित्रं आणि खाली नावं. राफिला त्यातून रोज नवी गोष्ट वाचायची. कोबीणबाईच्या घरी चोर येतो, गाजर त्याला पकडून देतं, असलं काहीतरी. दाराशी उभं राहून ऐकताना आठवडाभराने माझ्या लक्षात आलं की पोरीला वाचता येतच नाही. शाळेत तिला कुणी धड पाठवलंच नव्हतं. ती सगळं मनातून सांगत होती आणि बोट मात्र ओळीवरून फिरवत होती, धाकटीला संशय येऊ नये म्हणून.

मी तोआदेरला सांगितलं, "त्यांना कपाटातून बाहेर काढायला हवं. किती दिवस अंधारात बसतील?"

तो म्हणाला, "बाहेर कशाला काढतेस? उजेड आत नेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने करवत काढली. कपाटाची पाठ कापली आणि ते ओढत नेऊन खिडकीला चिकटवून उभं केलं. आता दार उघडलं की आत खिडकी, आणि खिडकीतून प्लमची बाग आणि चर्चचा कळस. त्याने आतल्या दांड्या काढल्या, तळाशी फळ्यांचा रुंद ओटा ठोकला. मी जुनी दुलई उसवून लोकर धुतली, चुलीशेजारी वाळवली आणि तिची जाड गादी शिवली. तोआदेरच्या लष्करातल्या कोटाच्या दोन उशा झाल्या. एका बाजूला तीन फळ्या पुस्तकांसाठी. गावची शाळा बंद झाली होती, तिची पुस्तकं चर्चच्या माळ्यावर उंदरांच्या तावडीत पडली होती. त्यातली पन्नास-साठ पाद्रीबाबांनी आम्हाला दिली. मी ती उन्हात घालून एकेक पुसली.

शेवटी तोआदेरने बाहेरची कुलपाची पट्टी उपटून काढली आणि आतून एक कडी बसवली, बुटकी, चार वर्षांच्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर.

शेजारची परास्किवा बघायला आली आणि कमरेवर हात ठेवून हसली. "कपाटाला खिडकी! तोआदेर, आता कोंबड्यांना चष्मे करून दे म्हणजे झालं."

"तुझ्या कोंबड्यांना आधी देतो. त्या रोज माझ्या अंगणात वाट चुकतात," तो म्हणाला.

कपाटाच्या आतून कुणीतरी फिस्सकन हसलं. ती क्रिना. आमच्या घरात ती हसली ती तेव्हा पहिल्यांदा.

पुस्तकं आली आणि राफिलाची पंचाईत झाली. क्रिना चित्रावर बोट ठेवून विचारायची, "इथे काय लिहिलंय?" आणि राफिला अडखळायची. बियाण्यांच्या वहीत खपत होतं ते इथे खपेना. एक दिवस ती माझ्याजवळ आली. मी पीठ मळत होते.

"मावशी, तुला वाचता येतं?"

"येतं की."

"मग मला शिकव. पण क्रिनाला कळता कामा नये."

क्रिना दुपारची झोपली की आम्ही दोघी कपाटात जाऊन बसायचो. एवढी मोठी मी, गुडघे हनुवटीला लावून. आतून लोकरीचा आणि जुन्या अक्रोडाचा वास यायचा. राफिला अक्षरावर अक्षर चढवत जायची, घाम फुटायचा तिला. चुकली की स्वतःच्याच मांडीला चिमटा काढायची. मी तिचा हात धरून ठेवायचे. ईस्टरपर्यंत ती वाक्यं वाचू लागली, आणि प्लम पिकायच्या आत तिने एक अख्खं पुस्तक क्रिनाला वाचून दाखवलं, लांडग्याचा आवाज काढून, कोंबडीचा आवाज काढून. मी बाहेर इस्त्री करत होते. इस्त्री तशीच राहिली आणि तोआदेरच्या सदऱ्याला भोक पडलं.

ते दीड वर्ष मला विसरता येत नाही. शेजारच्या गावच्या शाळेतून आली की दप्तर टाकून राफिला थेट कपाटाशी. टकटक. आतून क्रिना विचारायची, "कोण आहे?" मग कडी निघायची. मला वाटू लागलं होतं की ही घडी अशीच राहणार. सांभाळणाऱ्या बाईने असं वाटून घ्यायचं नसतं, मुरेशानबाईंनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं. पण राफिला वेगळी होती. तिला मी हाताला धरून अक्षर दिलं होतं.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये मुरेशानबाई आल्या. मी अंगणात प्लम फोडत बसले होते, जामसाठी. त्या बाकावर बसल्या, एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "सावेता, क्लुज शहरातलं एक जोडपं आहे. चांगली माणसं. त्यांना क्रिनाला दत्तक घ्यायचंय."

"आणि राफिला?"

"त्यांनी लहान मूल मागितलंय. एकच." त्या म्हणाल्या. "पण मी भेटलेय त्यांना. मनाने मऊ आहेत. या दोघी एकमेकींवाचून राहू शकत नाहीत असं मी अहवालात ठासून लिहिलं, तर दोघींना नेतील असं मला वाटतं. किंवा सगळंच बारगळेल, तेही होऊ शकतं. तू रोज बघतेस. तू सांग, काय लिहू?"

घरात तोआदेर होता. आदल्याच महिन्यात असा विषय निघाला होता तेव्हा तो म्हणाला होता, "जातील तर दोघी जाऊ देत. पण एकत्र." मला ते आठवत होतं. माझ्या हातात सुरी होती. मागच्या खोलीतून राफिलाचा वाचण्याचा आवाज येत होता.

मी म्हणाले, "धाकटी सावरेल. लहान आहे. राफिला इथे रुळलीय, तिला हलवू नका. तसं लिहा."

मुरेशानबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तोआदेरने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "एकीचीच सोय आहे म्हणे." खोटं बोलले.

सप्टेंबरात ते दोघं गाडी घेऊन आले. ओतिलिया आणि होरिया. खरंच मऊ माणसं. ओतिलिया राफिलापुढे गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "तू कधीही फोन कर हं बाळा." राफिलाने मान हलवली. तिने क्रिनाचं बोचकं स्वतः बांधलं होतं, वर चार पुस्तकं ठेवली होती. क्रिनाला वाटलं सहलीला जायचंय. गाडी वळेपर्यंत ती काचेतून हात हलवत हसत होती. राफिलाही हसत हात हलवत होती. गाडी दिसेनाशी झाली तरी तिचा हात वरच होता. तोआदेरने तो धरून खाली आणला.

दर रविवारी दुपारी फोन व्हायचा. राफिला कपाटात बसून फोनवर वाचून दाखवायची आणि पलीकडून क्रिना विचारायची, "मग? मग काय झालं?" असे सहा रविवार. सातव्या रविवारी फोन ओतिलियाने घेतला. ती रडवेली होती. क्रिना फोननंतर दोन-दोन दिवस जेवत नाही, म्हणाली, डॉक्टर म्हणतात थोडा काळ जाऊ द्या.

"बरं," राफिला म्हणाली आणि फोन ठेवला. पुस्तक फळीवर ठेवलं. आपली उशी काढून चुलीजवळच्या बाकावर नेली. त्यानंतर ती कपाटात बसली नाही. तोआदेरने दोनदा विचारलं, "मोडू का गं ते?" दोन्ही वेळा ती म्हणाली, "असू दे, काका." मी दर शनिवारी आतली धूळ पुसायचे. पुसताना राफिला तिकडे येत नाही ना, हे बघायचे.

थोडा काळ म्हणता म्हणता पावणेतीन वर्षं गेली. राफिला तेरा वर्षांची झाली तेव्हा ओतिलियाचं पत्र आलं, जूनमध्ये या म्हणून. मी आणि राफिला रेल्वेने क्लुजला गेलो. तिने वेणी तीनदा घातली आणि तीनदा सोडली.

दार क्रिनाने उघडलं. उंच झाली होती, पुढचे दोन दात नवे. "चपला इथे काढा, आणि तुम्ही आत या," ती म्हणाली. राफिला माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आपल्याला दोघींना म्हणाली ना, तुम्ही?" मी म्हटलं, "हो गं, दोघींना." पण मग क्रिना सरबताचा ट्रे घेऊन एकट्या राफिलासमोर उभी राहिली आणि विचारलं, "तुम्ही घेणार का?"

ओतिलिया अवघडून म्हणाली, "अगं, ताई आहे ती तुझी!" क्रिना ओशाळली. "हो, माहितीय," म्हणाली. तिला माहीत होतं, जसं एखाद्याला राजधानीचं नाव माहीत असतं.

तिने आम्हाला आपली खोली दाखवली. एका कोपऱ्यात कापडी तंबू, आत मऊ गालिचा, छोट्या दिव्यांची माळ, भिंतीला लागून पुस्तकंच पुस्तकं. ओतिलियाने फार प्रेमाने केलं होतं ते. मला त्यात कुठेच खोट काढता येईना, आणि त्याचाच मला राग आला.

"मी तुला वाचून दाखवू?" राफिलाने विचारलं.

"मला येतं वाचता," क्रिना म्हणाली. "मी दाखवते तुम्हाला." आणि तिने तंबूत बसून आम्हाला तीन पानं वाचून दाखवली. छान वाचत होती, न अडखळता. राफिला जमिनीवर बसून ऐकत होती. पान संपलं की मान डोलवत होती, एखाद्या शिक्षिकेसारखी.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. मग म्हणाली, "मला कुणी विचारलं असतं ना मावशी, तर मी हो म्हटलं असतं. जा म्हटलं असतं. चांगलं घर आहे. फक्त मला विचारायला हवं होतं."

मी तेव्हा गप्प बसले असते तर चाललं असतं. पण त्या पोरीने इतक्या शांतपणे ते म्हटलं की माझ्याच्याने राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. मुरेशानबाई काय म्हणाल्या, मी काय उत्तर दिलं, का दिलं. "तू मला हवी होतीस," मी म्हणाले. "तुझ्या भल्यासाठी केलं असं मी म्हणणार नाही."

समोरच्या बाईच्या टोपलीत कोंबडीची पिल्लं होती, ती चिवचिवत होती. राफिला त्यांच्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, "त्या खोलीत खिडकीखाली जागा आहे. एक पलंग बसला असता."

मी तिचा हात धरून रडू लागले. तिने माझी पाठ थोपटली नाही, आणि हातही झटकला नाही.

स्टेशनवर तोआदेर शेजाऱ्याची गाडी घेऊन आला होता. "कशी आहे आपली चिमणी?" त्याने लांबूनच विचारलं.

मी राफिलाकडे पाहिलं. आता ती सांगेल, असं मला वाटलं. सांगितलं असतं तर मी अडवलं नसतं.

"छान आहे, काका," ती म्हणाली. "दात आलेत तिला." आणि पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी जाऊन बसली.

चार दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तोआदेर विचारत राहिला, काय झालं गं तुम्हा दोघींचं? पाचव्या दिवशी जेवताना तिने माझ्याकडे न बघता मीठ मागितलं. मी उठून दिलं.

आता ती वीस वर्षांची आहे, तालुक्याच्या गावी नर्सिंग शिकते, ईस्टरला आणि नाताळला येते. माझी काळजी घेते, गोळ्या वेळेवर घेतल्या का विचारते. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. तोआदेर वारला तोपर्यंत त्यालाही तिने काही कळू दिलं नाही.