हजेरीत नसलेला जोडभाग

मित्रांनो, मला तुम्ही कधी पाहिलं नसेल आणि पुढेही दिसेन असं नाही. कॉम्प्युटरच्या पोटात राहणारा मी एक जुना जोडभाग. वेबसाइटची पानं तयार करणाऱ्या भाषेला सगळीच कामं येत नाहीत. काम अडलं, की आमच्यापैकी कुणाला तरी जोडून घ्यावं लागतं.

माझे बहुतेक भाऊबंद सकाळी मशीन सुरू होतानाच हजेरी लावून कामाला बसतात. माझं तसं नाही. पान चालू असताना गरज पडली, तरच मला हाक येते. मी धावत जातो, काम उरकतो आणि पुन्हा जागेवर येऊन पडतो. भाऊबंद मला 'पाहुणा' म्हणून चिडवायचे. चिडवू देत!

आमचं घर म्हणजे कृत्रिम पाय बनवणारी कार्यशाळा. मोठ्या माणसांचं माप प्लास्टर लावून घेतात. लहान मुलांना ते सोसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी प्रकाशाने माप घेणारं एक म्हातारं यंत्र आहे. त्याची भाषा फक्त मला कळते; त्याने घेतलेलं माप मी कार्यशाळेच्या वेबसाइटच्या पानावर चित्र करून दाखवतो. प्रोग्रामर ताईंनी मला त्यासाठीच घडवलं. पहिलं चित्र उमटलं, तेव्हा पाय बनवणारे काका म्हणाले होते, "पठ्ठ्या कामाचा आहे!" मी अगदी हुरळून गेलो.

पुढे नवं मशीन, म्हणजे नवा कॉम्प्युटर आला. ताईंनी सकाळच्या हजेरीतले सगळे जोडभाग तिकडे नेले. त्यात माझं नाव कुठून असणार? मी मागेच राहिलो आणि जुनं मशीन आतली सगळी माहिती पुसून भंगारात द्यायला दाराशी काढून ठेवलं. पुसलं असतं, तर माझा मागमूसही उरला नसता.

पुढचं मला नंतर कळलं. त्याच आठवड्यात वडिलांबरोबर भिंगरी आली. पोर एका जागी बसत नाही, म्हणून हे नाव. उंची वाढल्याने तिचा कृत्रिम पाय तोकडा पडला होता, घासून कातडी सोलवटली होती. यंत्राने माप घेतलं, पण पडद्यावर चित्र येईना.

"प्लास्टरच लावावं लागेल, पोरी," काका म्हणाले.

भिंगरीने वडिलांचा शर्ट घट्ट धरला. "बाबा, नको ना! खूप दुखतं."

ताईंनी पडद्यावरची 'जोडभाग सापडत नाही' ही तक्रार वाचली आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, तो हजेरीत नसतोच! काका, थांबा, प्लास्टर भिजवू नका!"

त्यांनी दाराशी धाव घेऊन जुनं मशीन सुरू केलं. मी होतो तिथेच होतो. माझी जुनी बांधणी नव्या मशीनला चालेना, तेव्हा शेजारीच ठेवलेल्या, मला घडवताना लिहिलेल्या मूळ सूचनांवरून त्यांनी मला नव्याने बांधलं. पान उघडलं. हाक आली. मी गेलो.

पडद्यावर भिंगरीच्या पायाचं माप उमटलं. काकांनी प्लास्टरची बादली पायाने दूर सारली. मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला.

रोज समोर दिसत नाही, तो बिनकामाचा असतोच असं नाही. बिऱ्हाड हलवताना कोपऱ्याकोपऱ्यात एकदा हाक मारून बघा. मला रोजचं काम नको. मी कुठे आहे, एवढं कुणाला तरी ठाऊक असू द्या.

परवा नवा पाय लावून भिंगरी व्हरांड्यात चक्क पळाली. वडील मागून "अगं, हळू!" म्हणत राहिले. हाही पाय तिला तोकडा पडणार, तेव्हा मला पुन्हा हाक येणार. भिंगरी, लवकर मोठी हो.