भेग हनुवटीपर्यंतच

मी अमेरिकेतला एक जुना तांब्याचा सेंट, म्हणजे पैशासारखे हलके नाणे, आहे आणि मार खातच जन्मलो आहे. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत खाली एक पोलादी ठसा होता, वर दुसरा, आणि मध्ये मी, तांब्याची साधी चकती. माणसांनी दांडा फिरवला आणि असा दणका बसला की एका अंगाला मोकळ्या केसांची बाई उमटली, दुसऱ्या अंगाला पानांची माळ. माझ्या आधीची चकती ठेवणाऱ्याचे बोट त्याच दाबात चेचले होते. रक्त पुसले आणि काम पुढे चालू झाले.

मित्रांनो, तोवर वरच्या ठशाला तडा गेला होता. म्हणून माझ्या बाईच्या गळ्यापासून हनुवटीपर्यंत एक उंचवट्याची रेघ उठली आहे. पुढे दणके बसत गेले तशी ठशाची चीर वाढली. माझ्या मागून जन्मलेल्या भावंडांच्या तोंडावर ती भेग गालावरून थेट कपाळापर्यंत चढली.

पुष्कळ वर्षे मी गुत्त्यांतून आणि बाजारांतून फिरलो. माझ्यापायी लोकांनी एकमेकांचे दात पाडले. मग सेंट लहान झाले, आम्ही मोठे बाद झालो, आणि काय आश्चर्य, लोक आम्हाला भिंगाखाली धरू लागले! कोणता आकडा कलला आहे, माळेत पाने किती आहेत, भेग कुठून जाते, यावरून ते आमचा ठसा ओळखत आणि ठशाला टोपणनाव देत. आमच्या ठशाचे नाव पडले 'चिरलेली बाई'.

सस्क्वेहाना नदीकाठच्या आमच्या गावात हे वेड दोघांना होते. एक खोगीर शिवणारा एमॉस ट्रेक्सलर, दुसरा घड्याळजी लेम्युएल गँट्झ. एमॉसकडे एक चिरलेली बाई होती आणि तो तिच्यावरून भारी मिजास करी. भर बाजारात दोघांची ठशांवरून जुंपायची. लेम्युएलने मला एका फेरीवाल्याकडून घेतले आणि कुणाला सांगितले नाही. रविवारी एमॉसची चांगली जिरवायची, असा त्याचा बेत होता.

पण शनिवारी एमॉस आपल्या दुकानात डोके फुटून मेलेला सापडला. त्याची चिरलेली बाई नाहीशी झाली होती.

रविवारी चर्च सुटताच एमॉसचा धाकटा भाऊ हार्लन माणसे घेऊन घड्याळजीच्या दुकानात घुसला. खणात मी सापडलो.

"चिरलेली बाई! माझ्या भावाची!" तो ओरडला.

"अरे, ही ती नव्हे!" लेम्युएल कळवळून म्हणाला. "एका ठशाची नाणी हजारांनी निघतात! भेग तरी बघ, हार्लन!"

"भेग? तुझ्या टाळक्यालाच पाडतो भेग!"

मला कुणी उजेडात धरलेसुद्धा नाही. हार्लनने लेम्युएलचा उजवा हात बाकावर दाबला आणि हातोडा घातला. बोटांची हाडे मोडताना मी ऐकली. मग मला मुठीत धरून त्याला फरफटत लाकडाच्या गिरणीपाशी नेले आणि तुळईवरून दोर टाकला. मित्रांनो, माझ्या अंगावर तोंड आहे, पण वाचा नाही. देवा, काय तडफडलो मी!

दोर ताणला. लेम्युएलचे पाय जमिनीवरून सुटले. तेवढ्यात एमॉसची बायको केझाया काळ्या कपड्यांत धावत आली.

"खाली घ्या त्याला! आधी दाखवा ती माझी सवत!"

कुणीतरी फिदीफिदी हसले.

"हसता काय मेल्यांनो? लग्न झाल्यापासून नवरा माझ्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघायचा. मी ओळखत नाही होय तिला?"

तिने नवऱ्याचे भिंग काढले. मला त्याखाली उजेडात धरले.

"ही नव्हे. हिची भेग हनुवटीपाशी थांबते. आमच्या घरातलीची कपाळाला गेली होती."

"घासून काढली असेल, वहिनी!" हार्लन म्हणाला.

"घासली असती तर नाक-डोळेही गेले असते, भावजी. इथे केसाची बट न् बट शाबूत आहे. सोडा म्हणते ना त्याला!"

गिरणीवाल्याने दोर कापला. लेम्युएल धपकन पडला आणि रक्त ओकला.

बर्फ वितळल्यावर नदीच्या खालच्या अंगाला एका तराफेवाल्याने दारूसाठी एक चिरलेली बाई पुढे केली. तिची भेग कपाळापर्यंत होती. त्याने एमॉसचा खून कबूल केला आणि तो फासावर गेला.

लेम्युएल वाचला, पण त्याची बोटे पुन्हा वळली नाहीत. घड्याळे दुरुस्त करणे कायमचे सुटले. एक दिवस हार्लन भाजलेले मांस घेऊन दारात उभा राहिला.

"लेम, कोणत्या तोंडाने बोलू..."

"बोलू नकोस. बघ."

लेम्युएलने डाव्या हाताने मला आणि भिंगाला पुढे सरकवले. हार्लन खूप वेळ बघत राहिला. मग तो म्हणाला, "हनुवटीपर्यंतच आहे रे."

"त्या दिवशीही तेवढीच होती," लेम्युएल म्हणाला.

मित्रांनो, मला घासूनपुसून लख्ख करू नका, माझी भेग तेवढी राहू द्या. आणि कुणावर हात उगारायच्या आधी मला एकदा उजेडात धरत जा.