यादीबाहेरची गोळी

इस्पितळाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ताईंना एक खोड होती. कोणी रडवेलं होऊन खिडकीशी आलं की त्यांना राहवत नसे. रिपोर्ट द्यावा, सही घ्यावी आणि काच ओढावी, एवढंच काम. पण ताई धीर द्यायच्या, समजावून सांगायच्या, वेळ पडली तर स्वतःचा डबाही पुढे करायच्या. त्यांचे साहेब म्हणत, "ही तपासणीची खिडकी आहे, तुमचं माहेर नव्हे." ताई हसण्यावारी न्यायच्या.

त्या दिवशी सकाळी अकराला चिऊची आई खिडकीशी आली. कडेवर पाच वर्षांची चिऊ. वर्षभरात पोरीची ही पाचवी खेप. घरी एकाएकी गुंगीत जायची, चालताना धडपडायची, आणि इथे चार दिवस राहिली की पुन्हा टुणटुणीत. आई मात्र सगळ्या वॉर्डाची लाडकी. दुसऱ्यांची पोरं सांभाळायची, डॉक्टरांपेक्षा आधी तिला औषधांच्या वेळा आठवायच्या.

"ताई, दुपारी सोडतायत आम्हाला. याही वेळी दहाच्या दहा निगेटिव्ह ना?"

"हो," ताई म्हणाल्या, आणि खुर्चीत बसता बसता थबकल्या.

दहा? रिपोर्टवर तर एकच ओळ असे: विषारी द्रव्ये आढळली नाहीत. ही चाचणी फक्त दहा औषधं ओळखते, हे डॉक्टरांनासुद्धा धड माहीत नव्हतं. या बाईला माहीत होतं, कारण ताईंनीच सांगितलं होतं.

दुसऱ्या खेपेला चिऊच्या लघवीत झोपेच्या गोळीचा अंश सापडला होता. आजीची गोळी खाली पडली, पोरीनं तोंडात टाकली, असं आई म्हणाली आणि साऱ्यांनी माना डोलावल्या. मग ती खिडकीशी येऊन ढसाढसा रडली. "ताई, घरात काय काय कुलुपात ठेवू? तुम्ही काय काय बघता ते तरी सांगा." ताईंनी अख्खी यादी बोटांवर मोजून दाखवली. वर आपली अक्कल पाजळली: "आणि गाडी लागू नये म्हणून घेतात ना, त्या गोळ्याही वर ठेवा बरं. त्या आमच्या चाचणीत दिसतच नाहीत."

त्यानंतर आजची धरून तीन खेपा, आणि तिन्ही वेळा निगेटिव्ह. घरीच कोणी काही देतंय असा डॉक्टरांना संशय होता, पण ताईंच्या सहीचा कागद पाहून ते गप्प बसत.

भरतीच्या दिवशीचा नमुना फ्रीजमध्ये थोडासा उरला होता. कोणाचाही हुकूम नसताना ताईंनी तो यादीबाहेरचंही पकडणाऱ्या मोठ्या यंत्रावर चढवला आणि पडताळायला गाडी लागण्याच्या गोळीचं द्रावण लावलं. चाळीस मिनिटं लागणार होती. खोलीला दार एकच, त्याच्यासमोर बाक, आणि बाकावर चिऊला मांडीवर घेऊन तिची आई, डिस्चार्जच्या कागदाची वाट पाहत. मधेच तिनं खिडकीतून चहाचा कप आत सरकवला. "सकाळपासून काही घेतलं नाहीत ताई." न पिणं विचित्र दिसलं असतं, म्हणून ताईंनी तो प्यायला. पहिला घोट गिळताना त्यांना काय वाटलं ते विचारू नये.

आलेखात सुळका उभा राहिला, जिथे उभा राहायला नको तिथेच, त्या गोळीच्या जागी. उरलेला नमुना पुन्हा लावला. पुन्हा तोच.

साहेबांनी ताईंकडून सगळं ऐकून घेतलं, दोन्ही आलेख पाहिले आणि फॉर्मवरच्या एका रकान्यावर बोट ठेवलं. तपासणी कोणाच्या सांगण्यावरून, आणि का?

"डॉक्टरांनी तोंडी सांगितलं, असं लिहा," ते हलकेच म्हणाले. "बाकीचं पोटात ठेवा. निवृत्तीला किती उरलंय तुमच्या?"

ताईंनी पेन उचललं. मोह झाला, का होणार नाही? पण चौकशीत डॉक्टर म्हणणार, मी नाही सांगितलं. मग कागद खोटा, कागद खोटा म्हणून तपासणीही खोटी, आणि चिऊ आपली घरी. खरं लिहावं तर त्या बाईला वाट आपणच दाखवली, हे जगजाहीर होणार. कुठूनही सुटका नव्हती. स्वतःच्या चांगुलपणाची त्यांना किळस आली.

फोन खिडकीच्या कठड्यावर होता, आणि खिडकीची काच कधीच पुरती लागत नसे.

"डॉक्टर, चिऊला सोडू नका. गाडी लागण्याच्या गोळीचं औषध आहे तिच्या अंगात. दोनदा बघितलं."

"तीनदा निगेटिव्ह देऊन आता? आणि नेमकी तीच गोळी बघायचं तुम्हाला सुचलं कसं?"

बाहेर आईच्या हाती डिस्चार्जचा कागद पडला होता आणि तिनं पिशवी खांद्याला अडकवली होती. ती जागच्या जागी थांबली. ताई तिच्याकडे बघतच बोलल्या. "ती आमच्याकडे दिसत नाही, असं चिऊच्या आईला मीच सांगितलं होतं. सगळी यादीही सांगितली होती. तसंच लिहून देतेय."

मग डॉक्टर म्हणाले, "नर्सना पाठवतो. तोवर त्यांना हलू देऊ नका."

ताई बाहेर येऊन जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

"बाजूला व्हा ताई," आई म्हणाली. आवाज मऊच होता. "कागद झालाय आमचा."

"मला ठाऊक आहे."

"माझ्याइतकं कोणी केलंय का हिचं? तुम्ही स्वतः बघितलंय."

"बघितलंय," ताई म्हणाल्या. ते खरंच होतं, पण त्या जिन्यावरून हलल्या नाहीत.

दोन नर्स आल्या, मागून पहारेकरी. आईनं आरडाओरडा केला नाही. तिनं चिऊचा फ्रॉक सारखा केला, तिला ताईंच्या हातात दिलं आणि नर्सबरोबर जिना चढू लागली. चिऊ आधी हसली. मग आई मागे वळून बघत नाही असं दिसल्यावर तिनं ताईंच्या छातीवर मुठी मारायला सुरुवात केली.

"मला आईकडे सोड. मला बरं नसलं की आईच मला बरं करते."

ताईंनी तिला सोडलं नाही.