कवठझरीची शीव

जामच्या सडकेवर मोटार थांबली की कंडक्टर ओरडायचा, "कवठझरी, कवठझरी." सडकेच्या कडेला चहाचं दुकान, सायकलवाला, शाळा आणि नव्या घरांची ओळ.

पण ही कवठझरी नव्हे. इथं काही वर्षांमागं नुसती वावरं होती. खरी कवठझरी पांदणीनं कोसभर आत. पावसाळ्यात त्या पांदणीत बंडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. आजारी माणूस बाहेर काढायचा म्हणजे खाटेवर घालून, चौघांच्या खांद्यावर. म्हणून लोक एकेक करून सडकेवर आले. छपरांचे कवेलू उतरवून आणले, चौकटी उपटून आणल्या, आणि त्यांच्याबरोबर गावाचं नावही आलं.

आत राहिला एकटा रूपराव.

मागच्या दिवाळीपर्यंत भिंतीला भिंत लागून देवकाबाई होती. तोंडानं तिखट बाई. पण संध्याकाळी तिच्या भांड्यांचा आवाज आला की रूपरावला दोन घास जास्त जायचे. तीही लेकाकडं सडकेवर गेली. तेव्हापासून रूपराव चुलीशी बोलायला लागला. बैलांशी तर आधीपासूनच बोलायचा.

त्याचं म्हणणं साधं होतं. पोळा भरतो ते गाव, नाही भरत ती रिठी. रिठी म्हणजे नाव राहिलेलं उजाड रान. आपण जिवंत असेस्तोवर कवठझरीला कोणी रिठी म्हणू नये, एवढं एकच त्याच्या मनात होतं. आणि मारुतीपुढच्या आखरावर, गुरं जमायच्या मोकळ्या जागेवर, एका जोडीनं पोळा भरत नाही.

म्हणून पोळ्याआधी तो सडकेवर गेला. चहाचं दुकान त्याच्याच पोराचं, ओमप्रकाशचं. बाकावर पुंडलिकराव पाटील बसले होते.

"पाटील, यंदा पोळ्याले बैल आखरावर आणजा."

"कोणत्या आखरावर गा?"

"कोणत्या म्हंजे? आपल्या."

पाटलांनी बशीतला चहा फुंकला. "आपला आखर आता शाळेच्या मांगं हाय. तूच ये ना बैल घेऊन. पह्यल्या नंबरावर उभी करू तुही जोडी."

"मारुती तिकडं हाय. तोरण त्याच्याच म्होरं लागते."

"मारुती काई म्हणत नाई. तूच म्हणून राह्यला."

बाकावरचे हसले. नातवाला गोळ्या घ्यायला आलेली देवकाबाई म्हणाली, "रूपरावभाऊ, तिकडं पाटील तुमीच, कोतवाल तुमीच, बैलबी तुमचेच. मंग इचारता कोनाले?"

रूपरावही हसला. मग म्हणाला, "एका दिवसाचंच तं म्हणून राह्यलो. दुपारून या, दिवस बुडाच्या आत वापस जा."

"पाहू," पाटील म्हणाले.

रूपरावनं ते होकारासारखं गाठीशी बांधलं.

ओमप्रकाश पांदणीच्या तोंडापर्यंत सोबत आला. "बा, तुमची सून रोज म्हणते, मामाजीले घेऊन या. तुमाले भाकर कोन टाकून देते तिकडं?"

"मले जमते भाकर."

"जळते."

"जळली तं काय खाता येत नाई?"



पोळ्याच्या दिवशी रूपरावनं आखरावर माजलेला तरोटा उपटून काढला. मारुतीपुढं दोन बांबू रोवले आणि आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. पळसाच्या डहाळ्या तोडून आणल्या. आपल्या दाराशी एक लावली. मग देवकाबाईच्या, मग पाटलाच्या, मग जिथं जिथं भिंत उभी होती तिथं तिथं, चौकट नसलेल्या दारांशीसुद्धा. लोक आले तर त्यांना आपलं दार बोडकं दिसू नये.

बैल धुतले, शिंगांना गेरू लावला आणि जोडी तोरणाखाली उभी केली.

दुपार झाली. उन्हं उतरली. वारा फिरला तेव्हा सडकेकडून डफड्याचा आवाज आला. तिकडं झडत्या, पोळ्याची गाणी, चालल्या असतील. एकानं म्हणायची, बाकीच्यांनी साथ द्यायची. रूपरावच्या ओठांवर एक आली होती, त्यानं ती गिळली. साथ कोण देणार?

तोरण तोडायचा मान पाटलाचा. तोरण तुटलं की पोळा फुटतो आणि बैल घरी जातात. पाटील नाही, तर पोळा फुटणार कसा? रूपराव दिवेलागणीपर्यंत कासरा धरून उभा राहिला. शेवटी बैलच कंटाळले आणि घराकडं निघाले. तो त्यांच्या मागं गेला.

सकाळी त्याला कालव्यानं जाग आली. माणसांचा कालवा, पांदणीकडून, जवळ जवळ येत असलेला.

आले, त्याला वाटलं. एक दिवस उशिरा का होईना, आले. त्यानं घाईघाईनं डोक्याला पागोटं गुंडाळलं आणि शिवेकडं पळत सुटला. धापा टाकत शिवेच्या गोट्याशी पोचला तर समोर सगळी सडक होती. पाटील, देवकाबाई, ओमप्रकाश, पोरंसोरं. हातात पळसाच्या डहाळ्या. आणि सगळे ओरडत होते.

"खोकला घेऊन जा गे, मारबत!"

"ताप घेऊन जा गे, मारबत!"

पोळ्याला दाराशी लावलेल्या डहाळ्या म्हणजे मारबत. दुसऱ्या दिवशी त्या उपटायच्या, घरातली रोगराई त्यांच्यासोबत गावाबाहेर न्यायची, शिवेपार फेकायची आणि मागं न पाहता परतायचं. रूपरावनंही जन्मभर हेच केलं होतं. तेव्हा फेकत सडकेच्या बाजूला. तिकडं कोणी राहत नव्हतं.

डहाळ्या त्याच्या पायाशी येऊन पडल्या.

आरडाओरडा थांबला. "बा," ओमप्रकाश म्हणाला, "तुमी इथं काऊन उभे?"

"इथून माह्यं गाव सुरू होते."

"भाऊ, आमी काई तुमच्यावर नाई टाकलं," देवकाबाई म्हणाली. "इकडं कोनी राह्यते हे ध्यानातच नाई आलं."

"तुमच्या ध्यानात नाई, हे माह्याबी ध्यानात आलं आता."

पाटलांनी घसा साफ केला. "मनावर नोको घेऊ गा. रिठी समजून टाकलं."

 रूपराव डहाळ्यांकडं पाहत हळूच म्हणाला, "पाटील, तुमची नाळ पुरली हाय तिकडं. तुमच्या मायनं सांगतलं होतं मले, चिंचेच्या बुडाशी. तिच्यावर तुमी खोकला-ताप टाकून राह्यले."

 फेकलेली मारबत कोणी परत उचलत नाही, तसं कधी झालंच नव्हतं. पण पाटील खाली वाकले आणि त्यांनी एक डहाळी उचलली. "उचला रे," ते म्हणाले. "नाल्याकडं टाकू."

लोक डहाळ्या उचलून वळले. ओमप्रकाश मागं रेंगाळला.

"चाला ना, बा."

"जाय तू. मांगं नोको पाहू."

पुढं चहाच्या दुकानावर चार माणसं बसली आणि ठरलं, आजपासून मारबत कवठझरीकडं न्यायची नाही, नाल्याकडं न्यायची. ओमप्रकाश मुद्दाम सांगायला आला. "पाटील सगळ्याइले म्हणाले, तिकडं गाव हाय." ते ऐकून त्या रात्री रूपराव भरपोट जेवला. बैलांनाही त्यानं ते सांगितलं.

पुढल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो सकाळीच शिवेवर जाऊन उभा राहिला. सडकेकडून ओरडणं उठलं. ते त्याच्याकडं आलं नाही. नाल्याच्या बाजूला वळलं, बारीक बारीक होत गेलं आणि मग पऱ्हाटीवरच्या वाऱ्याखेरीज काही ऐकू येईना. वर्षात एक दिवस तरी माणसं इथवर आली असती, तीही आता येणार नव्हती. त्यानंच तसं करून घेतलं होतं.

त्याच्या हातात त्याच्या दाराची डहाळी होती. ती सडकेकडं फेकता येत नव्हती, तिकडं पोरगा होता, सून होती. तो वळला आणि रिकाम्या गल्लीतून पलीकडच्या शिवेकडं निघाला. न ओरडता मारबत जात नाही, म्हणून ओरडला. खोकला म्हणाला, ताप म्हणाला. त्यापुढं आणखी काय काय घालवायचं असतं ते त्याला आठवेना. ते नेहमी दुसरे ओरडायचे.