धाकटीचा नकार

मित्रांनो, मी एक जुनं श्रवणयंत्र आहे. रंगाने कातडीसारखा, आकाराने घेवड्याच्या बीएवढा. कानामागे बसायचं, समोरून येणारा आवाज घ्यायचा, मोठा करायचा आणि बारीक नळीतून कानात सोडायचा, एवढंच माझं काम. कुठला आवाज कामाचा आणि कुठला बिनकामाचा, हे मी कधी ठरवलं नाही. पंखा असो की पाहुणा, दोघांनाही मी सारखंच मोठं करतो. त्याबद्दल मी आयुष्यभर बोलणी खाल्ली आहेत.

डोळ्याला भिंग लावून बसलेल्या एका बाईने चिमट्याने माझे बारीक भाग जुळवले. तिथून मी कानाच्या डॉक्टरांकडे आलो आणि त्यांनी मला थोरलीच्या, म्हणजे दोन बहिणींतल्या मोठीच्या, कानावर चढवलं. थोरली बाटल्या भरण्याच्या कारखान्यात कामाला होती. पट्ट्यावरून काचेच्या बाटल्या धावायच्या, एकमेकींवर आपटायच्या, आणि तो खणखणाट ऐकता ऐकता तिचे कान गेले. मला आरशात बघून ती म्हणाली, “आई जन्मभर मागे लागली होती, कानात काहीतरी घाल म्हणून. घे, घातलं.”

ती लग्नाच्या फंदात पडली नव्हती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायची. पुढे तिची धाकटी बहीण विधवा झाली आणि तिच्याकडेच राहायला आली. धाकटी टेलिफोनच्या कचेरीत लोकांचे फोन जोडून द्यायची. बोलणं हाच तिचा धंदा आणि बोलणं हीच तिची हौस. एकीला ऐकू येत नाही आणि दुसरीच्या तोंडाला खळ नाही, अशी ती जोडी. मला त्या दिवसांत फार काम पडायचं, पण मजाही यायची. कधी थोरलीला बडबडीचा कंटाळा आला की ती हळूच माझं बटण फिरवून मला बंद करायची आणि नुसती मान डोलवायची. धाकटीला ते बरोबर कळायचं. ती मुद्दाम विचारायची, “मग मी काय म्हणाले आत्ता?”

असं चाललेलं असताना धाकटीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही जवळजवळ गेली. जी एका श्वासात सगळ्या इमारतीच्या बातम्या सांगायची, तिच्या तोंडून आता एखाददुसरा शब्द निघायचा, तोही तुटका. “चहा” यायचं. “ताई” यायचं. पण “नको” काही केल्या येईना. त्याच्या जागी नाकातून एक आखूड आवाज निघायचा, “न्”, आणि तिथेच विझायचा. “चहा… न्” म्हणजे चहा नको.

हे सगळ्यांना कळायचं नाही. धाकटीची मुलगी, म्हणजे थोरलीची भाची, सुट्टीच्या दिवशी यायची, तिलासुद्धा तो नुसता सुस्कारा वाटायचा. पण थोरली धाकटीच्या समोर स्टूल ओढून बसायची, तोंडाकडे टक लावून बघायची आणि मी खरखरत का होईना, तो “न्” तिच्या कानापर्यंत पोचवायचो. मग डॉक्टर असोत, भाची असो, सगळे थोरलीलाच विचारायचे, “काय म्हणते ती?” आणि थोरली सांगेल ते खरं धरलं जायचं.

एक दिवस भाची नवं यंत्र घेऊन आली. माझ्यापेक्षा लहान, काळं, गुळगुळीत. हे स्वतः शिकतं, असं तिने मावशीला समजावलं. गोंगाट ओळखून पुसून टाकतं, बोलणं तेवढं ठेवतं आणि एखादा शब्द अर्धवट राहिला तर तो काय असावा, हे ओळखून पुरा करतं. थोरलीने मला काढलं, चहाच्या कपांशेजारी एका बशीत ठेवलं आणि नवं यंत्र कानात घातलं.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? त्या यंत्राने चमत्कार केला. थोरलीला भाचीची कुजबुज ऐकू आली. भाजीवाल्याशी ती गर्दीत उभी राहून बोलून आली, एकदाही “काय?” न विचारता. स्वयंपाकघरात पाठ करून उभी असली तरी आतल्या खोलीतलं बोलणं तिला समजायला लागलं. पहिल्या दिवशी तिने डोळे पुसले. बशीत पडून मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, हिचं भलं झालं.

पण माझ्या मनात एक खुटखुट होती. काय ठेवायचं आणि काय पुसायचं, हे त्या यंत्राला कुणी सांगितलं? त्याने म्हणे लाखो माणसांचं बोलणं ऐकलं होतं. पण त्या लाखोंत आमच्या धाकटीसारखी किती होती? हा माझा मत्सर असेल, अशी मी स्वतःची समजूत काढली.

अडीअडचणीला लागेल म्हणून थोरली माझा सेल वेळच्या वेळी बदलत होती, त्यामुळे बशीत पडून मी सगळं ऐकत होतो. एका सकाळी थोरलीने ओट्यापाशी उभं राहून विचारलं, “आणखी चहा देऊ?”

“चहा… न्,” धाकटी आतून म्हणाली.

थोरलीने कप भरून नेला. धाकटीने तो डाव्या हाताने सरकवला. थोरलीला वाटलं, लहर फिरली असेल. मग तेच खिडकीचं झालं, रेडिओचं झालं, आंघोळीचं झालं. त्या यंत्राने धाकटीचा “न्” नाकातली सूं सूं समजून पुसून टाकला होता. दर वेळी मागे राहत होता तो फक्त होकार. थोरली शेजारणीला कौतुकाने सांगायची, “हल्ली शहाण्यासारखी वागते हो. कशालाच नाही म्हणत नाही.”

ते ऐकून माझा संशय पक्का झाला. पण कानाशिवाय मी कुणाला सांगणार?

पुढे डॉक्टरांनी सुचवलं की धाकटीला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शुश्रूषागृहात ठेवावं. तिथे रोज व्यायाम करून घेतील, बोलायला शिकवतील. मात्र तिची इच्छा असेल तरच न्या, असंही ते म्हणाले. भाचीने फोनवर मावशीला सांगितलं, “तूच विचार. तुलाच तिचं कळतं.”

थोरलीच्या मनातून तिला पाठवायचं नव्हतं. म्हणूनच असेल, तिने समोर बसून विचारायचं टाळलं. कणीक मळता मळता, पाठमोरीच, ती म्हणाली, “ते व्यायाम करून घेतात तिथे… जायचं का तुला?”

आतून उत्तर आलं, “जायचं… न्.”

थोरलीचे हात परातीत थांबले. तिला ऐकू आलं होतं ते एकच, “जायचं.” पुन्हा विचारावं असं तिला वाटलं नाही. धाकटीला आपल्याकडे राहायचं नाही, हे तिच्या मनाला लागलं होतं. तिने भाचीला होकार कळवला आणि ओठ आवळून बॅग भरायला घेतली. धाकटीने बॅग बघितली आणि दोन-तीनदा तेच सांगितलं, “जायचं… न्. जायचं… न्.” थोरली म्हणाली, “हो ग, कळलं. नेते.”

मित्रांनो, त्यानंतर धाकटीने बोलणंच सोडलं. तिलाही वाटलं असणार की ताईला आपण जड झालो. नाही म्हटलेलं तिने ऐकलं आणि तरी ती बॅग भरते आहे. एका घरात दोन बहिणी एकमेकींवर रुसून बसल्या आणि भांडण मात्र दोघींचं नव्हतंच.

जायच्या आदल्या संध्याकाळी थोरलीने धाकटीच्या कपड्यांना इस्त्री केली. नवं यंत्र रात्री ज्या डबीत चार्ज व्हायचं, तिची पिन तिने इस्त्रीसाठी काढली आणि पुन्हा लावायची विसरली. सकाळी ते यंत्र चालूच होईना. खाली भाची गाडी घेऊन आली होती. थोरलीने इकडेतिकडे बघितलं आणि मला बशीतून उचलून कानामागे अडकवलं.

“अगं बाई, काय हा कलकलाट,” ती म्हणाली. खरं होतं. पंखा, नळ, रस्त्यावरचे भोंगे, सगळं मी एकदम तिच्या कानात ओतलं होतं. त्या गोंधळात ऐकायचं तर तिला पूर्वीसारखं समोर बसणं भाग होतं. तिने स्टूल ओढलं आणि धाकटीच्या पायात चपला सरकवता सरकवता वर बघून विचारलं, “निघायचं ना?”

धाकटीने बऱ्याच दिवसांनी तोंड उघडलं. “जायचं… न्.”

थोरलीने हातातली दुसरी चप्पल खाली ठेवली.

“परत म्हण.”

“जायचं… न्.”

“जायचं नको?” थोरलीने विचारलं. “नको म्हणतेस? तेव्हापासून?”

धाकटीने होकाराची मान हलवली आणि ती रडायला लागली. थोरलीने तिच्या पायातली चप्पल काढली. भाची जिना चढून वर आली तेव्हा दोघी बहिणी एकमेकींना धरून बसल्या होत्या. थोरली तिला म्हणाली, “ती रोज नाही म्हणत होती. मला फक्त हो ऐकू येत होतं.”

भाचीने कंपनीला फोन लावला. पलीकडून फार गोड आवाजात उत्तर आलं. तो माणूस होता की तेही यंत्रच, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या आवाजाने शांतपणे समजावलं की यंत्रात काही बिघाड नाही. ऐकणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून घशाचे, नाकाचे अनावश्यक आवाज काढून टाकले जातात, ही सोय आहे, हवी तर कमी करता येईल. भाचीने ती कमी करून घेतली. बोलणं शिकवणाऱ्या बाई आता घरी येतात.

नवं यंत्र थोरलीने टाकून दिलेलं नाही. बाजारात ती तेच घालते आणि मला त्याचा राग नाही. पण ते मध्येमध्ये आपलं आपण बदलतं, नवं काहीतरी शिकून येतं, आणि काय शिकलं ते घरात कुणाला सांगत नाही. म्हणून धाकटीजवळ बसताना थोरली मला घालते. माझी नळी कडक झाली आहे, माझे सुटे भाग आता मिळत नाहीत. मी फार दिवसांचा सोबती नाही.

मित्रांनो, तुमच्या घरांत माझ्याहून कितीतरी हुशार यंत्रं येतील. ती तुमच्या वतीने ऐकतील, वाचतील, उत्तरंही देतील. त्यांचा उपयोग जरूर करा. पण त्यांनी तुम्हाला फार स्वच्छ, फार सोपं, अगदी सोयीचं असं काही ऐकवलं की जरा संशय येऊ द्या. आपल्या माणसाजवळ स्टूल ओढून बसा, त्याच्या तोंडाकडे बघा आणि विचारा, “तुला असंच म्हणायचं आहे ना?” मग उत्तर येईपर्यंत थांबा. ते उशिरा येईल, तुटकं येईल, कदाचित तुम्हाला नको असेल तेच येईल. तरी थांबा.